मराठीत फ्रीलान्स लिहायचंय? आधी कळफलक, मग कोश, मग बिलबुक

दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणाचा तरी मेसेज येतो. "ताई, नोकरी सोडतेय. मराठी लेखन, अनुवाद असं काहीतरी करायचं ठरवलंय. कोणती कोणती ॲप्स घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं: सध्या विकत काहीच घेऊ नका. मराठीत लिहून पैसे मिळवायला जी साधनं लागतात, त्यांतली बहुतेक फुकट आहेत. नवख्या माणसाचं नुकसान साधनांवाचून होत नाही, ती चुकीच्या क्रमानं घेतल्यामुळे होतं. लोक पहिल्या दिवशी लोगो बनवतात, आणि टायपिंग अजून मिंग्लिशमध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत.

म्हणून खालचा क्रम एका कामाच्या वाटेनं लावलाय. आधी मजकूर टाइप होतो, मग तो दुसऱ्याच्या यंत्रावर उघडतो, मग शब्द अडतात, मग तपासणी आणि शेवटी पैसे. ज्या टप्प्यावर मी स्वतः जास्त ठेचकाळले, तिथे जास्त रेंगाळणार आहे.

पायरी १: कळफलक. पहिले तीन आठवडे दुसरं काही नको

मोबाइलवर गूगलचा जीबोर्ड कळफलक ठीक आहे. इंग्रजी अक्षरांत 'mazya' छापाचं टाइप करायचं आणि त्यानं 'माझ्या' करून द्यायचं, ही पद्धत निरोप पाठवायला पुरते. रोज दोन हजार शब्द लिहायला ती पुरत नाही. प्रत्येक शब्दाला सुचवलेल्या यादीकडे बघावं लागतं, आणि यादीतला पहिला पर्याय चुकीचा असला तरी घाईत तोच जातो. 'दिन' आणि 'दीन' यांतला कुठला हवा, ते यंत्र तुमच्या वतीनं ठरवतं. महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा 'दीना'च्या होऊन दरवर्षी कुठे ना कुठे छापून येतात, त्यामागे बहुधा हेच असतं.

इन्स्क्रिप्ट शिका, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाणित कळफलक. विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड, सगळीकडे तो आधीपासून असतो. भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी जोडायची, एवढंच काम. त्याची रचना आपल्या वर्णमालेसारखीच शिस्तीची आहे: डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. क आणि ख एकाच कळीवर, ख शिफ्ट दाबून. त आणि थ तसेच. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. कळा अशा: ओ, जी, एम, शिफ्ट-जे, डी, स्लॅश, ई. म्हणजे द, उकार, स, ऱ, पाय मोडायची खूण, य, काना. शब्द जसा उच्चारता तसाच बोटांतून उतरतो, कुठेही यादी उघडत नाही. मला हात बसायला तीन आठवडे लागले, पैकी पहिले चार दिवस रडकुंडीला आले होते. कळांवर अक्षरांचे स्टिकर लावू नका. नजर खाली जायची सवय लागते आणि मग ती जाता जात नाही. कळफलकाचं चित्र छापून पडद्याशेजारी चिकटवा.

इन्स्क्रिप्ट नकोच असेल, तर २०१९ पासून विंडोज १० मध्ये मराठीचा ध्वन्यात्मक कळफलकही आलेला आहे, तो वापरा. पण गूगलचं जुनं, विंडोजवर उतरवून घ्यायचं इनपुट टूल शोधत बसू नका. ते गूगलनं केव्हाच बंद केलं. कुठल्या तरी साइटवर त्याची फाइल अजून मिळते, पण तिच्याबरोबर काय येईल सांगता येत नाही.

बोलून टाइप करणं हा तिसरा मार्ग. क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडून व्हॉइस टायपिंगला मराठी निवडलं की बऱ्यापैकी उतरतं. विरामचिन्हं नंतर हातानं घाला. मी हा मार्ग फक्त पहिल्या कच्च्या खर्ड्यासाठी वापरते, तोही खोलीत पंखा बंद असेल तर.

पायरी २: फाइल समोरच्याकडे उघडली पाहिजे

हा टप्पा कोणी शिकवत नाही आणि इथेच पहिलं काम परत येतं.

आपण जे टाइप करतो ते युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या यंत्रांवर एकच ठरलेला क्रमांक. पण मराठी छपाईचा मोठा काळ श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असल्या फाँटांवर गेला. त्या फाँटांत अक्षर मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी चिन्हं असतात. अशी फाइल तो फाँट नसलेल्या यंत्रावर उघडली की पडद्यावर अगम्य इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. काही छापखाने, काही दिवाळी अंक अजून त्यातच काम करतात. म्हणून काम घेतानाच एक प्रश्न विचारा: "मजकूर युनिकोडमध्ये चालेल ना?" नाही म्हणाले, तर फाँटचं नेमकं नाव विचारा आणि रूपांतरक वापरून बघा. एका फाँटातून दुसऱ्यात नेताना रफार, जोडाक्षरं आणि ऱ हमखास बिघडतात, तेव्हा रूपांतरानंतरचं मुद्रित (प्रूफ) तुम्हीच वाचणार हेही तिथेच सांगून टाका. फाइल नेहमी दोन रूपांत पाठवा, वर्ड आणि पीडीएफ. पीडीएफ हा पुरावा: मी पाठवलं तेव्हा मजकूर असा होता.

युनिकोडातही तीन खोड्या आहेत. डोळ्याला दिसत नाहीत, शोधताना कळतात.

पहिली खोडी ऱ्याची. 'दुसऱ्या' आणि 'दुसर्‍या' हे दोन्ही शब्द नीट दिसतात. पण एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, दुसऱ्यात साधा र आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह. दीडशे पानांच्या पुस्तकात 'दुसऱ्या' शोधायला गेलात तर अर्धेच सापडतील. पहिलं रूप धरा. दुसरी खोडी ॲ. 'अॅप' मध्ये अ वर चंद्र चढवलेला असतो, 'ॲप' मधलं ॲ हे २००८ साली युनिकोडात आलेलं वेगळं अक्षर आहे. हे दुसरं धरा. तिसरी सगळ्यांत सामान्य: विसर्गाच्या जागी कोलन. 'दु:ख' लिहिणारे इतके आहेत की 'दुःख' कुणाला खरं वाटत नाही. कोलन घातला की यंत्राच्या लेखी शब्द तिथेच तुटतो, आणि कधीकधी ओळीच्या शेवटी 'दु:' आणि पुढच्या ओळीत 'ख' असा छापूनही येतो.

या तिन्हींसाठी माझ्याकडे एक छोटी फाइल आहे. काम पाठवण्याआधी 'शोधा आणि बदला' मध्ये तिथली रूपं एकेक करून टाकते. चार मिनिटं लागतात.

फाँटबद्दल फार नाही. मुक्त, बालू, नोटो हे मोफत आणि स्वच्छ आहेत. पहिले दोन मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेनं केलेत. पूर्वी विंडोजबरोबर येणारा मंगल आपल्या र. कृ. जोशींनी घडवलेला, पण लांबलचक मजकूर वाचायला तो डोळ्यांना त्रास देतो, असं माझं मत. फाइलची भाषा 'मराठी' अशीच निवडा. 'हिंदी' राहिली तर काही फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात, आणि चोखंदळ संपादकाला ते पहिल्या पानावरच खुपतं.

पायरी ३: कोश हाताशी

इथे मराठी माणूस श्रीमंत आहे आणि त्याला ते ठाऊक नाही.

बृहद्कोश ही साइट आधी बुकमार्क करा. एका शब्दाचा शोध अनेक कोशांत एकदम लागतो. त्यात मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश आहे (पहिली आवृत्ती १८३१, वाढवलेली १८५७), दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे आणि आणखी बरेच. जुने कोश कशाला, असं वाटेल. एका शेतमाल विकणाऱ्या कंपनीचं काम होतं. नवी भाजी आली की ग्राहकाला थोडी चवीला पाठवायची, अशी योजना. त्यांच्या माणसानं लिहिलं होतं 'मोफत नमुना उत्पादन'. मला काहीतरी आठवत होतं, हाताला लागत नव्हतं. कोशात चाळताना लागलं: वानवळा. शेतातली पहिली भाजी, पहिलं धान्य शेजारीपाजारी पाठवतात, तो वानवळा. साताऱ्याकडच्या ग्राहकांना समजावून सांगावं लागलं नाही. कंपनीनं योजनेचं नावच ते ठेवलं. बिलात मात्र तो एकच शब्द मोजला गेला.

सरकारी किंवा कायद्याचा मजकूर असेल तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि शासन व्यवहार कोश उघडा. ऑनलाइन आहेत, फुकट आहेत. तिथे आपली आवड चालत नाही. नोटिफिकेशन राजपत्रात आलं की 'अधिसूचना', फोनच्या पडद्यावर आलं की 'सूचना'. सर्क्युलर म्हणजे 'परिपत्रक', टेंडर म्हणजे 'निविदा'. बँकेच्या ॲपमध्ये मात्र 'निष्कासन' वगैरे लिहू नका, लोक पैसे 'काढतात'.

माहितीची खातरजमा करायला मराठी विश्वकोश. वाईहून निघालेला हा वीस खंडांचा ऐवज आता नेटवर आहे. त्यातल्या जुन्या नोंदींतले आकडे जुनेच असतात, म्हणून लोकसंख्या, उत्पादन असलं काही तिथून उचलू नका. संकल्पना आणि परिभाषेसाठी त्याच्याइतकं भरवशाचं मराठीत दुसरं मला सापडलेलं नाही.

शुद्धलेखनासाठी अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' विकत घ्या. वर 'काही घेऊ नका' म्हटलं, त्याला हा एकच अपवाद. त्यांचंच 'शुद्धलेखन ठेवा खिशात' हे छोटं पुस्तक पर्समध्ये मावतं. साहित्य महामंडळाचे नियम एकूण अठरा: चौदा १९६२ चे, चार १९७२ चे. एका दुपारी वाचून होतात. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ (कवी, गुरू), समासात आत गेला की मूळ तत्सम ऱ्हस्व परत (कविराज, गुरुकृपा), आणि 'आणि' कायम ऱ्हस्व. एवढं जरी अंगवळणी पडलं तरी मुद्रितावरच्या लाल खुणा निम्म्यानं कमी होतात.

आणि स्वतःची शब्दवही. साधी स्प्रेडशीट, चार रकाने: मूळ शब्द, मराठी, कुणासाठी, का. माझ्या वहीतली एक ओळ अशी: 'कस्टमर / ग्राहक / विमा कंपनी / "विमेदार" नको म्हणाले, ३ वेळा बदलून घेतलं'. दोन वर्षांनी तोच ग्राहक परत येतो, तेव्हा ही ओळ तासभर वाचवते.

पायरी ४: तपासणी कानानं करा

लिबरऑफिसला मराठी शब्दतपासणीची पुरवणी जोडता येते, वर्डमध्येही मराठी तपासणीची सोय आहे. जरूर लावा, पण त्यांच्यावर विसंबू नका. मराठीत शब्दाला प्रत्यय लागून शेकडो रूपं होतात आणि 'मावशीकडच्यांनासुद्धा' असा धडधाकट शब्द यंत्राला चुकीचा वाटतो. उलट 'सुत' आणि 'सूत' दोन्ही बरोबर असल्यानं कापसाच्या लेखात मुलगा कातला गेला तरी ते गप्प बसतं.

मला उपयोगी पडलेली युक्ती वेगळी आहे. एज ब्राउझरमध्ये मजकूर उघडून 'मोठ्यानं वाचा' दाबा. मराठीसाठी आरोही आणि मनोहर असे दोन आवाज आहेत. मी चहा करता करता आरोहीकडून स्वतःचा लेख ऐकते. एकाच वाक्यात दोनदा आलेला 'देखील', क्रियापदाला पोचेपर्यंत धाप लागणारं वाक्य, 'ज्यामुळे की जेणेकरून' असलं ओझं, हे सगळं डोळ्यांतून निसटतं आणि कानाला टोचतं. आवाज यंत्राचा आहे म्हणून फायदाच होतो. तो तुमच्या वाक्यावर दया दाखवत नाही.

पायरी ५: विशेष कामांची अवजारं, पटकन

अनुवाद मोठा आणि पुनरुक्तीचा असेल (यंत्राची माहितीपुस्तिका, धोरणं, अर्ज) तर ओमेगाटी हा अनुवादाचा प्रोग्रॅम मोफत आहे. आधी केलेलं वाक्य पुन्हा आलं की तो जुना अनुवाद समोर ठेवतो. कथा-कादंबरीला त्याचा काही उपयोग नाही. सबटायटलसाठी सबटायटल एडिट, तेही मोफत. मुलाखती उतरवायला ओट्रान्सक्राइब: ध्वनी मागेपुढे करायला कळफलकावरून हात उचलावा लागत नाही. छापील पानाचा मजकूर हवा असेल तर फोटो गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा. मराठी अक्षरं ओळखून मजकूर बऱ्यापैकी उतरतो, फक्त जुन्या खिळ्यांच्या छपाईत ळ आणि ऱ तपासून घ्या.

यंत्रानुवाद आणि एआयबद्दल सगळे विचारतात. वापरा, लपवू नका, आणि ग्राहकानं मनाई केली असेल तर त्याचा गोपनीय मजकूर तिथे चिकटवू नका. यंत्राची मराठी आता व्याकरणात फारशी चुकत नाही, ती वळणात चुकते. 'आम्ही तुम्हाला मदत करण्यासाठी येथे आहोत' या वाक्यात चूक काढता येणार नाही, पण दुकानदार असं बोलत नाही. तो म्हणतो, 'काही लागलं तर सांगा.' यंत्रानं केलेला अनुवाद 'फक्त जरा बघून द्या' असं काम आलं, तर शब्दावर नव्हे, तासावर पैसे मागा. दोन पानं नमुना तपासून घड्याळ लावा आणि मगच आकडा सांगा. वाईट यंत्रानुवाद दुरुस्त करण्यापेक्षा कोऱ्या पानावरून सुरुवात करणं कित्येकदा स्वस्त पडतं.

पायरी ६: काम कुठे असतं

बोली लावून काम मिळवायच्या परदेशी साइटवर मराठीसाठी वेळ घालवू नका, असं मी सांगते. ज्यांचं जमलं असेल ते वेगळं सांगतील. प्रोझ या अनुवादकांच्या साइटवर आपली नोंद करून ठेवा, अनुवाद संस्था तिथे माणसं शोधतात. खरं काम मात्र ओळखीच्या चार पावलांवर असतं: जाहिरात संस्था, स्वयंसेवी संस्थांचे वार्षिक अहवाल, प्रकाशक, ऑडिओ कथा, डबिंग स्टुडिओ, आकाशवाणी, वृत्तपत्रांच्या पुरवण्या.

दिवाळी अंकांचं वेगळं कॅलेंडर असतं. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'नं दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हा मराठीतला वार्षिक हंगाम. नवखे लोक सप्टेंबरात लेख पाठवतात, तोवर पानं लागलेली असतात. मे-जूनमध्ये संपादकाला दहा ओळींचं पत्र, होकार आला तर जुलै-ऑगस्टमध्ये लेख. मानधन किती आणि कधी, हे आधी विचारायला लाजू नका. काही अंक चांगलं देतात, काही फक्त अंकाची प्रत देतात. दोन्हींना हो म्हणता येतं, माहीत असलं म्हणजे झालं.

'नमुना म्हणून एवढं करून द्या' हा प्रकार येईल. दोनशे-तीनशे शब्द फुकट ठीक. मी सुरुवातीला एकाला पंधराशे शब्दांचा नमुना दिला. नंतर कळलं, त्यांनी एकाच पुस्तिकेची आठ प्रकरणं आठ जणांना 'नमुना' म्हणून वाटली होती.

पायरी ७: दर, आणि मराठी शब्दसंख्येचा सापळा

हे नीट वाचा, कारण इथे पैसे गळतात आणि आवाज होत नाही.

'द कीज आर ऑन द टेबल इन द किचन.' इंग्रजीत नऊ शब्द. मराठीत: 'किल्ल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहेत.' चार शब्द. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे इंग्रजीतून मराठीत येताना संख्या घटते आणि मेहनत तेवढीच राहते. माझ्या दुसऱ्याच वर्षी दहा हजार शब्दांचा एक अहवाल शब्दाला दीड रुपयानं घेतला. बिल लावताना कळलं की ते मराठी शब्द मोजणार. मराठीत भरले सात हजार दोनशे. पंधरा हजारांच्या जागी दहा हजार आठशे आले. ईमेलमध्ये 'शब्दाला दीड रुपया' एवढंच होतं, कुठला शब्द ते दोघांनीही लिहिलं नव्हतं. भांडायला जागाच नव्हती.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक ईमेलात हे वाक्य असतं: 'दर मूळ इंग्रजी मजकुराच्या शब्दसंख्येवर, वर्डमधील मोजणीनुसार.' मराठीतून इंग्रजीत जात असाल तर उलट, तयार झालेल्या इंग्रजी शब्दांवर मागा.

दर किती लावावा? इतरांचे दर विचारून फारसं हाती लागत नाही. स्वतःचा वेग मोजा. आठवडाभर प्रत्येक कामाला सुरुवातीची आणि शेवटची वेळ लिहा. समजा तपासणीसकट तुमचे दिवसाला बाराशे शब्द पक्के होतात आणि महिन्याला चाळीस हजार हवेत. वीस दिवस धरले तर चोवीस हजार शब्द, म्हणजे शब्दाला सुमारे १ रुपया ६७ पैसे. पण वीस दिवस काम कधीच मिळत नाही. पंधरा धरा: अठरा हजार शब्द, आणि दर जातो २ रुपये २२ पैशांवर. हा तुमचा तळ. याच्या खाली घेतलेलं प्रत्येक काम तुम्ही स्वतःच्या खिशातून करताय. लेख असेल तर शब्दावर नको, लेखावर ठरवा. सबटायटल मिनिटावर.

पायरी ८: हक्काचा कागद

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यानुसार स्वतंत्र लेखकानं लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक लेखकच असतो. नोकरीत लिहिलेलं वेगळं. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून करार आला की दोनच गोष्टी आधी शोधा: 'कायमस्वरूपी' आणि 'सर्व माध्यमांत'. जाहिरातीला हे देऊन टाका, जाहिरात कोण सांभाळून ठेवतं! कथेला देऊ नका. छापील हक्क वेगळे, ऑडिओचे वेगळे, अनुवादाचे वेगळे, असं लिहून घ्या.

अनुवादासाठी पुस्तक निवडताना: आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ च्या सुरुवातीपासून मुक्त झालं. पण मूळ पुस्तक मुक्त असलं तरी त्याचा कुणी अलीकडे केलेला अनुवाद मुक्त नसतो. जुन्या रशियन कथा इंग्रजीतून मराठीत आणताना तो इंग्रजी अनुवाद कधीचा, हे बघा.

पायरी ९: बिल आणि वसुली

बिलाला ॲप लागत नाही. एक पान: तुमचं नाव-पत्ता, पॅन, बिल क्रमांक, तारीख, काम, शब्दसंख्या, दर, रक्कम, बँकेचा तपशील, पैसे कधीपर्यंत हवेत. क्रमांक एकपासून ओळीनं. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात सेवांसाठी जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. कंपनी जीएसटी क्रमांक मागेल, तेव्हा 'लागू नाही' असं लिहून द्या.

कंपन्या टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आयकर, कापतात. व्यावसायिक फी धरली तर दहा टक्के, आणि एप्रिल २०२५ पासून एका कंपनीकडून वर्षाला पन्नास हजारांच्या वर गेल्यावर. काही जण कंत्राट धरून एक टक्का कापतात. पॅन दिला नाही तर वीस टक्के जातात. हे पैसे बुडत नाहीत, विवरणपत्र भरलं की हिशेबात येतात. पण कापलेले पैसे कंपनीनं तुमच्या पॅनवर खरंच भरले का, ते आयकराच्या पोर्टलवर २६एएस या करजमेच्या उताऱ्यात बघत चला. मी दर तिमाहीला बघते. एकदा सापडलं होतं की माझे कापलेले पैसे कुण्या भलत्याच पॅनवर जमा झालेत, एका अक्षराची चूक.

आता या सगळ्या लेखातलं सर्वांत दुर्लक्षित साधन: उद्यम नोंदणी. लेखक-अनुवादकही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करू शकतात. सरकारी पोर्टलवर ती मोफत आहे, आधार आणि पॅन पुरतं. पैसे मागणाऱ्या हुबेहूब साइट बऱ्याच आहेत, पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का ते बघा. फायदा असा, की नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे ग्राहकानं करार नसेल तर पंधरा दिवसांत आणि करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यायचे, असा कायदा आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय असे पैसे वेळेत दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला तो खर्च आयकरात दाखवता येत नाही. अकाउंट्सवाल्यांना व्याजापेक्षा ही दुसरी गोष्ट जास्त झोंबते. त्यामुळे उद्यम क्रमांक बिलावर ठळक छापा.

वसुलीचं पत्र रागात लिहू नका, तारखांत लिहा. माझं असं असतं:

"नमस्कार. बिल क्रमांक १४, रुपये १८,०००. काम आपण ३ जून रोजी स्वीकारलंत. पंचेचाळीस दिवसांची मुदत १८ जुलै रोजी संपली. माझा उद्यम क्रमांक बिलावर आहे. रक्कम कोणत्या तारखेला जमा होईल ते कृपया कळवावं."

संपादकाला किंवा ज्यानं काम दिलं त्याला नव्हे, थेट अकाउंट्सला पाठवायचं आणि काम देणाऱ्याला प्रत. गेल्या वेळी तिसऱ्या दिवशी फोन आला. पैसे तयार आहेत म्हणाले, फक्त पॅन कार्डाची प्रत हवी होती. ती मी याआधी दोनदा पाठवली होती. तिसऱ्यांदा पाठवली.